सुन वुकाँग नाही, इथे हिरो आहे राक्षसाचा नोकर!

‘याओ-चायनीज फोकटेल्स’ ही २०२३ मध्ये आलेली चिनी अॅनिमेशन मालिका. निर्मिती शांघाय अॅनिमेशन फिल्म स्टुडिओ आणि बिलिबिली यांची. आठ भाग, आठ स्वतंत्र गोष्टी. त्यामुळे कुठूनही सुरुवात करता येते.

पहिल्या भागाचा आधार आहे ‘जर्नी टू द वेस्ट’ ही सोळाव्या शतकातली कादंबरी. तिच्यातला भिक्षू बेतला आहे ह्युएन त्संगवर; सातव्या शतकात महाराष्ट्रात येऊन गेलेला तोच प्रवासी. या भिक्षूला पकडून खायचा बेत लांगलांग डोंगरावरच्या राक्षसाने आखला आहे, आणि त्याच्या हाताखाली एक छोटा डुक्कर-राक्षस राबतोय. वरून हुकूम सुटतात, बदलतात आणि बोलणी खातो तो. कढई घासायला वापरतो स्वतःच्याच अंगावरचे राठ केस!

नोकरदार चिनी तरुणांना त्यात स्वतःचीच गोष्ट दिसली. सोडावीशी वाटणारी, पण सुटत नसलेली नोकरी म्हणजे ‘लांगलांग डोंगर’, असं लोक म्हणू लागले. २०२५ मध्ये याच कल्पनेवर ‘नोबडी’ हा चित्रपटही आला आणि चीनमध्ये जोरात चालला.

दुसरा भाग ‘गूज माउंटन’ मात्र जवळपास संवादाविना उलगडणारी गूढ कथा आहे. लहान मुलांना दाखवण्याआधी तो स्वतः पाहून घ्या.