जुनी चेनसॉ: घरगुती दुरुस्ती आणि पुनरुज्जीवन

अमेरिकेच्या उपनगरांत जुन्या घराच्या गॅरेजमध्ये किंवा गॅरेज सेलमध्ये धूळ खात पडलेली पेट्रोलवरची चेनसॉ सहज आढळते. ती बहुधा मोडलेली नसते. वर्षानुवर्षे टाकीत राहिलेल्या इंधनाने ती मुकी झालेली असते. थोडी हत्यारे, संयम आणि कामाचा योग्य क्रम एवढ्या बळावर ती पुन्हा चालू करता येते. मात्र चालू झालेली करवत वापरण्यास सुरक्षित असतेच असे नाही.

पार्श्वभूमी : एका माणसाला पेलणारी चेनसॉ दुसऱ्या महायुद्धानंतर रूढ झाली. अमेरिकेत मॅककुलॉकचे ‘3-25’ हे सुमारे 25 पौंड वजनाचे यंत्र 1949 मध्ये आले, तर जर्मनीत श्टीलचे ‘कॉन्ट्रा’ 1959 मध्ये. ऑरेगनमधील लाकूडतोड्या जोसेफ कॉक्स याने लाकूड पोखरणाऱ्या अळीच्या जबड्यावरून स्फूर्ती घेऊन वक्र दात्यांची साखळी घडवली. आजच्या साखळ्या त्याच कल्पनेवर आधारलेल्या आहेत.

प्रथम परीक्षा : सुटे भाग मागवण्यापूर्वी इंजिनाचा दम तपासावा. स्पार्क प्लग काढून त्या जागी दाबमापक बसवावा आणि दोरी काही वेळा जोरात ओढावी. मापन सुमारे 120 पौंड प्रति चौरस इंच किंवा अधिक आल्यास प्रकृती उत्तम समजावी. 90 च्या खाली गेल्यास दुरुस्तीचा खर्च यंत्राच्या किमतीपलीकडे जाण्याचा संभव असतो. त्यानंतर सायलेन्सर उतरवून त्या छिद्रातून पिस्टन पाहावा. गुळगुळीत पृष्ठभाग हे शुभलक्षण होय. उभे खोल ओरखडे असल्यास तेलाविना किंवा अपुऱ्या इंधनावर इंजिन तापल्याचा तो पुरावा असतो, आणि मूळ कारण शोधल्याशिवाय नवा पिस्टन बसवणे व्यर्थ ठरते.

ठिणगी : प्लग वायरला जोडून त्याचा धातूचा भाग इंजिनाला टेकवावा आणि प्लगच्या छिद्रापासून दूर धरून दोरी ओढावी; निळसर, ठसठशीत ठिणगी दिसली पाहिजे. पेट्रोलची वाफ जवळपास नसेल याची खबरदारी घ्यावी. जुन्या यंत्रांत फ्लायव्हीलखाली कॉन्टॅक्ट पॉइंट असतात. त्यांवरचा गंज बारीक पॉलिश पेपरने काढल्यास अनेकदा काम भागते. कॉइल आणि फ्लायव्हील यांमधील अंतर साधारण व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीइतके, म्हणजे सुमारे 0.3 मिलिमीटर असावे.

इंधनमार्ग : बहुतेक दोष येथेच सापडतात. कार्ब्युरेटरमधील लवचिक पडद्यांमुळे चेनसॉ आडवी-तिरपी कशीही धरली तरी इंधन मिळत राहते. कालांतराने हे पडदे ताठर होतात, रबरी नळ्या भेगाळतात आणि इथेनॉलमिश्रित पेट्रोल ही झीज वाढवते. म्हणून नळ्या, टाकीतील गाळणी आणि पडद्यांचा संच एकदमच बदलावा. अमेरिकेत इथेनॉलरहित इंधन मिळते. ब्रिटनमध्ये 2021 पासून साधे पेट्रोल ई-10 दर्जाचे असल्याने तेथे ई-5 निवडणे हितावह. या इंजिनांना वंगण पेट्रोलमधूनच मिळते. आधुनिक टू-स्ट्रोक तेल 50:1 प्रमाणात, म्हणजे लिटरला 20 मिलिलिटर, मिसळण्याची प्रथा आहे. जुन्या यंत्रांच्या पुस्तिकेत अधिक तेल सांगितले असल्यास ते प्रमाण पाळावे.

जुळवणी : कार्ब्युरेटरचे ‘एल’ आणि ‘एच’ स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत बसवून सुमारे एक फेरा बाहेर काढावेत व तेथून सूक्ष्म बदल करावेत. पूर्ण वेगात आवाज किंचित फडफडता असावा आणि लाकडात शिरताच स्वच्छ व्हावा. किंकाळीसारखा चढा सूर सुखावह वाटला, तरी तो इंधन कमी पडल्याचा इशारा असतो. अशा अवस्थेत पिस्टन काही मिनिटांत खराब होऊ शकतो. मंद गतीवर साखळी फिरता कामा नये. ही चाचणी उघड्यावरच घ्यावी, कारण बंद गॅरेजमध्ये साचणारा कार्बन मोनॉक्साइड प्राणघातक ठरतो.

साखळी : दात्यांची धार गोल कानशीने लावावी. 3/8 इंच पिचच्या पूर्ण आकाराच्या साखळीस 7/32 इंचाची, तर .325 पिचला 3/16 इंचाची कानस लागते. कोन बहुधा 30 अंशांचा असतो आणि प्रत्येक दात्यावर सारखेच फटके द्यावेत. गाइड बारची खाच साफ करून तेलाचे छिद्र मोकळे करावे. भुसा बारीक पिठासारखा पडू लागला की धार गेली असे समजावे.

मर्यादा : बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागताच करवत क्षणार्धात चालकाकडे उसळते. साखळी रोखणारा ब्रेक 1970 च्या दशकात येऊ लागला. त्यापूर्वीच्या अनेक यंत्रांत तो नाही. अशी करवत कितीही सुरेल चालली तरी ती संग्रहात ठेवावी. वादळात पडलेले झाड तोडण्यासाठी ब्रेक असलेलेच यंत्र, हेल्मेट, कर्णरक्षक आणि पायांना संरक्षक आवरण वापरावे. जुन्या यंत्राचा मान राखणे म्हणजे त्याच्या काळाच्या उणिवाही ओळखणे होय.