तज्ज्ञांच्या हाती धूळपाटी

१५ जानेवारी या तारखेला ज्ञानप्रसाराच्या इतिहासातील दोन घटना घडल्या आहेत. १७५९ साली या दिवशी लंडनचे ब्रिटिश म्युझियम लोकांसाठी खुले झाले. २००१ साली याच दिवशी विकिपीडिया हा मुक्त ज्ञानकोश इंटरनेटवर सुरू झाला. हा निव्वळ योगायोग आहे. परंतु २०१० साली या दोन संस्थांची गाठ पडली, तो योगायोग नव्हता. त्या भेटीत संग्रहालयातल्या तज्ज्ञांना एक जुनाच धडा नव्याने गिरवावा लागला. तो धडा शाळेतही उपयोगी पडेल, म्हणून ही हकिकत.

प्रथम संग्रहालयाकडे वळू. सर हॅन्स स्लोन या वैद्याने आयुष्यभर पुस्तके, नाणी, वनस्पती, प्राण्यांचे नमुने अशा सत्तर हजारांहून अधिक वस्तू जमवल्या. १७५३ मध्ये त्यांचे निधन झाले आणि त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने कायदा करून संग्रहालय स्थापन केले. प्रवेश विनामूल्य होता. मात्र आधी अर्ज करून तिकीट मिळवावे लागे. पुढे दारे सताड उघडली, तरी एक गोष्ट बदलली नाही. वस्तूंबद्दल बोलायचे ते संग्रहालयाने, ऐकायचे ते प्रेक्षकांनी. वस्तूशेजारची चिठ्ठी आठवून पाहा. ती कोणी लिहिली, कोणत्या पुराव्यावरून लिहिली, हे तिच्यावर बहुधा नसते. तरीही आपण ती खरी मानतो. का? कारण ती संग्रहालयात आहे!

विकिपीडियाची रीत याच्या अगदी उलट. १९९५ मध्ये वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने अशी व्यवस्था तयार केली, की वाचणाऱ्याने तिथल्या तिथे पान दुरुस्त करावे. हवाई बेटांच्या भाषेत 'विकी' म्हणजे जलद. तेच नाव त्याने दिले. २००० मध्ये जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांनी न्यूपीडिया नावाचा ज्ञानकोश सुरू केला होता. त्यातील प्रत्येक लेख तज्ज्ञांच्या अनेक चाळण्यांतून जाई. परिणामी वर्षभरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच लेख पूर्ण झाले. म्हणून जोडीला विकीची पद्धत वापरून पाहिली, आणि हे शेपूटच मूळ प्राण्यापेक्षा मोठे झाले. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडियाही सुरू झाला.

कोणीही लिहिलेल्या मजकुरावर विश्वास कसा ठेवायचा? हा प्रश्न आम्हा संशोधकांनाही पडला होता. डिसेंबर २००५ मध्ये 'नेचर' या विज्ञान साप्ताहिकाने विकिपीडिया आणि एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका यांतील विज्ञानविषयक ४२ लेखांच्या जोड्या तज्ज्ञांकडून तपासून घेतल्या. कोणता लेख कुठला, हे तज्ज्ञांना सांगितलेले नव्हते. विकिपीडियाच्या लेखात सरासरी सुमारे चार चुका निघाल्या, ब्रिटानिकाच्या लेखात सुमारे तीन. ब्रिटानिकाने या तपासणीच्या पद्धतीवर कडक आक्षेप घेतले. पण एवढे मात्र दिसले, की दोन्हींत चुका होत्या आणि दोन्हींमधले अंतर समजुतीपेक्षा कमी होते.

संग्रहालये मात्र साशंकच होती. २००९ च्या जुलैत लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीने विकिपीडियाच्या एका स्वयंसेवकाला कायदेशीर कारवाईचा इशारा दिला. त्याने गॅलरीच्या संकेतस्थळावरून तीन हजारांहून अधिक चित्रांच्या मोठ्या प्रती उतरवून घेतल्या होत्या. चित्रे शतकांपूर्वीची, म्हणून सर्वांची, असे स्वयंसेवकांचे म्हणणे. छायाचित्रे आमची, असे गॅलरीचे. पुढच्याच महिन्यात ऑस्ट्रेलियात कॅनबेरा येथे संग्रहालये, ग्रंथालये व अभिलेखागारे यांचे लोक आणि विकिपीडियाचे स्वयंसेवक प्रथमच एका परिषदेत समोरासमोर बसले. ती घडवून आणणाऱ्यांत लायम वायट हे तरुण होते. २०१० च्या उन्हाळ्यात हेच वायट ब्रिटिश म्युझियममध्ये पाच आठवडे विनावेतन 'निवासी विकिपीडियन' म्हणून राहिले. अशी नेमणूक जगात पहिलीच.

संग्रहालयाला ही गरज का वाटली? रोझेटा शिलालेख ही त्यांची सर्वांत प्रसिद्ध वस्तू. त्यांच्याच संकेतस्थळ विभागाच्या पाहणीनुसार, संग्रहालयाच्या पानापेक्षा पाचपट लोक या शिलेविषयी विकिपीडियावर वाचत होते. वाचक तिकडे असतील तर आपले ज्ञान इकडे कोंडून काय उपयोग?

वायट यांचे काम संग्रहालयाची जाहिरात करणे हे नव्हते, तर दोन्ही बाजूंची ओळख करून देणे हे होते. जूनमध्ये सुमारे चाळीस स्वयंसेवकांना प्रदर्शनामागच्या खोल्या दाखवल्या गेल्या, अभिरक्षकांशी त्यांच्या गप्पा झाल्या. संग्रहातील वस्तूंवर कोणत्याही भाषेत उत्कृष्ट लेख सिद्ध करणाऱ्यांसाठी शंभर पौंडांची पाच बक्षिसे ठेवली गेली.

यानंतर अनेक संग्रहालयांत कर्मचाऱ्यांसाठी संपादनाचे वर्ग भरले. तिथे काय शिकावे लागते, हे पाहणे मोठे उद्बोधक आहे. यांत्रिक भाग सोपा. 'संपादन' ही कळ दाबायची, दुवा देण्यासाठी शब्दाभोवती चौकटी कंस घालायचे, चर्चा पानावर शेवटी सही करायची. सरावासाठी वेगळे पान असते. मराठी विकिपीडियाने त्याला फार सुरेख नाव दिले आहे: धूळपाटी! अवघड आहे ते पुढचे.

पहिले म्हणजे, खाते संस्थेचे नसते, व्यक्तीचे असते. संग्रहालयाच्या नावाने बोलता येत नाही. आपण कुठे नोकरी करतो हे उघड सांगायचे आणि आपल्या संस्थेविषयी सुधारणा सुचवायची ती चर्चा पानावर. दुसरे, मत तटस्थ हवे. रोझेटा शिला १७९९ मध्ये फ्रेंच सैनिकांना इजिप्तमध्ये सापडली आणि १८०१ च्या तहानंतर इंग्रजांच्या हाती आली, एवढे लिहून भागत नाही. इजिप्तमधून ती परत मागितली जाते, हेही लिहावे लागते. वस्तूशेजारच्या चिठ्ठीत हे टाळता येईल, इथे टाळता येत नाही. तिसरे आणि सर्वांत कठीण: 'मी तीस वर्षे या विषयात काम करतो' हा इथे पुरावा नाही. वाक्यापुढे प्रकाशित संदर्भ नसेल, तर कोणी शाळकरी मुलगाही 'संदर्भ हवा' अशी खूण करू शकतो.

तज्ज्ञाला हे झोंबते. परंतु थोडे थांबून विचार केला, तर हा आपल्या विज्ञानाचाच नियम आहे. निष्कर्ष कोणी काढला याला महत्त्व नाही, कशावरून काढला याला आहे.

याचे फळही दिसले. १९९२ मध्ये इंग्लंडमधील हॉक्सन गावी एका शेतकऱ्याचा हरवलेला हातोडा धातुशोधक यंत्राने शोधताना रोमन काळातील सुमारे पंधरा हजार नाणी आणि सोन्याचांदीच्या वस्तू सापडल्या होत्या. जून २०१० मध्ये अभिरक्षक आणि स्वयंसेवक एकत्र बसले आणि या ठेव्यावरील लेख त्यांनी पार सुधारला. पुढे तो उत्कृष्ट लेखांत गणला गेला. अभिरक्षकांना कोणता ग्रंथ कुठे आहे ते ठाऊक, स्वयंसेवकांना वाचक कुठे अडखळेल ते ठाऊक. आणि तो हातोडा? तोही सापडला, आणि तोही आता संग्रहालयात आहे.

या पद्धतीची एक बाजू मात्र लंगडी आहे. जे कधी छापलेच गेले नाही, त्याचा संदर्भ कुठून आणायचा? आपल्याकडचे कितीतरी खेळ, अवजारे, विधी केवळ लोकांच्या तोंडी आहेत. २०११ मध्ये भारतात आणि दक्षिण आफ्रिकेत, लोकांच्या ध्वनिमुद्रित मुलाखती संदर्भ म्हणून वापरण्याचा प्रयोग झाला. त्यावर बराच वाद झाला आणि तो प्रश्न अजून पूर्णपणे सुटलेला नाही. म्हणून छोट्या संग्रहालयांनी आपल्या वस्तूंच्या नोंदी आधी नीट प्रकाशित करणे महत्त्वाचे.

शेवटी वर्गात करून पाहण्याजोगे काही. विकिपीडियावरील आपल्या गावाचे किंवा जवळच्या किल्ल्याचे पान उघडा. प्रत्येक वाक्यापुढे मुलांना विचारा, 'हे कशावरून?' मग 'इतिहास' ही कळ दाबून ते पान कसकसे बदलत गेले ते पाहा. त्यानंतर पाठ्यपुस्तकाचे एक पान घ्या आणि तोच प्रश्न विचारा. मुले आपल्यालाही तो विचारू लागली, तर रागावू नका. लंडनच्या अभिरक्षकांनाही तो ऐकून घ्यावा लागला होता.