पाणमोट लवकर फुटू नये म्हणून आधीच अँटिबायोटिक घ्यावे का?

मागच्या खेपेला दिवस भरण्याआधीच पाणी गेले असेल, तर या गरोदरपणात ती धास्ती सुरुवातीपासून मनात असते. ‘डॉक्टर, आधीच एखादे अँटिबायोटिक सुरू केले तर?’ असे घरची मंडळीही विचारतात. प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र बहुतेक जणींसाठी ‘नाही’ असे आहे.

बाळाभोवती गर्भजलाची पिशवी असते, तिला आपण पाणमोट म्हणतो. ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी ती फुटली, तर बाळ अपुऱ्या दिवसांचे जन्मण्याचा आणि दोघांनाही जंतुसंसर्ग होण्याचा धोका असतो. योनिमार्गातले जंतू वर चढले की सूज येते आणि पिशवीचे आवरण कमकुवत होते. म्हणून जंतू मारले की पिशवी टिकेल, असे वाटणे साहजिक आहे. पण जुळी बाळे, जास्त गर्भजल, आखूड झालेले गर्भाशयमुख, रक्तस्राव, धूम्रपान हीही कारणे असतात, आणि त्यांवर अँटिबायोटिकचा काही उपयोग नाही. (मिश्री लावत असाल तर तीही आजच बंद करा.)

कॉक्रेनच्या २०१५ च्या आढाव्यात अशा ८ चाचण्या एकत्र तपासल्या होत्या. कळांआधी पाणमोट फुटण्याचे प्रमाण अँटिबायोटिकने कमी झालेले दिसले, पण तो आकडा केवळ २२९ स्त्रियांच्या एका चाचणीतला होता. अपुऱ्या दिवसांची बाळंतपणे मात्र एकंदरीत कमी झाली नाहीत. त्यामुळे सरसकट सर्व गरोदर स्त्रियांना ही औषधे देऊ नयेत, असाच निष्कर्ष निघाला.

‘घेऊन तर बघू, नुकसान काय?’ असेही म्हणता येत नाही. ब्रिटनमधील ओरॅकल अभ्यासात पाणमोट शाबूत असताना वेळेआधी कळा सुरू झालेल्या स्त्रियांना अँटिबायोटिक दिले गेले. फायदा दिसला नाहीच. उलट ७ वर्षांनी मुलांची माहिती घेतली, तेव्हा औषध घेतलेल्या मातांच्या मुलांत सेरेब्रल पाल्सीचे प्रमाण थोडे जास्त आढळले. धोका लहान होता, तरी कारण नसताना तो का पत्करायचा? म्हणून मेडिकलमधून स्वतःच गोळ्या आणू नका आणि जावेच्या उरलेल्या गोळ्याही घेऊ नका. डॉक्सिसायक्लिनसारखी काही औषधे तर गरोदरपणात टाळलीच पाहिजेत.

याचा अर्थ अँटिबायोटिक वाईट असा नाही. लघवीच्या तपासणीत जंतू आढळले, तर त्रास नसला तरी पूर्ण कोर्स घ्यावा लागतो. पांढरे पाणी जास्त जाणे, माशांसारखा वास किंवा खाज असेल तर लाजू नका, तपासून घ्या. आधीचे बाळंतपण लवकर झाले असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगा आणि जुनी फाइल दाखवा. तुमच्या बाबतीत सोनोग्राफीने गर्भाशयमुखाची लांबी पाहणे, प्रोजेस्टेरॉन किंवा टाका यांचा विचार होऊ शकतो.

दिवस भरण्याआधी पाणमोट खरोखर फुटली, तर मात्र चित्र बदलते. तेव्हा अँटिबायोटिक हा उपचाराचा आवश्यक भाग आहे. त्याने संसर्ग कमी होतो आणि बाळाला पोटात आणखी काही दिवस मिळू शकतात. एरिथ्रोमायसिन यासाठी पुष्कळ वापरले जाते. बाळाची फुप्फुसे तयार व्हावीत म्हणून स्टिरॉइडची इंजेक्शनेही देतात. ‘तिथे नको म्हणाले आणि इथे देतात’ असा गोंधळ होतो तो यामुळेच.

पाणी एकदम भळकन जाईल असे नाही. कपडे थोडेथोडे ओले होत राहतात. लघवी रोखता येते, हे पाणी रोखता येत नाही. शंका आली तर स्वच्छ पॅड लावा, किती वाजता सुरू झाले आणि रंग कोणता ते लक्षात ठेवा, संबंध टाळा आणि कळांची वाट न पाहता रुग्णालयात जा. ताप, हिरवट किंवा दुर्गंधीयुक्त पाणी, रक्तस्राव, बाळाची हालचाल कमी होणे यांपैकी काहीही असेल तर रात्र असली तरी थांबू नका. वाहन नसेल तर १०८ ला फोन करा. नाळ बाहेर आल्यासारखी वाटली तर गुडघे आणि कोपर टेकून, डोके खाली व कंबर वर ठेवून रुग्णवाहिकेची वाट पाहा.