कायद्याची तालीम : बंगळूरचा एक प्रयोग



मूल दहावीत चमकले की डॉक्टर आणि इंजिनियर हे दोनच शब्द आपल्या तोंडी येतात. वकिलीचा विचार होतो तो काहीच जमले नाही तर. पण सातबारा, भाडेकरार, वक्फची जमीन किंवा पोटगीचा दावा पुढे आला की आपण वकिलाचाच दरवाजा ठोठावतो. बद्रुद्दीन तय्यबजी १८६७ साली लंडनहून बॅरिस्टर होऊन परतले आणि मुंबई हायकोर्टातील पहिले हिंदी बॅरिस्टर ठरले. १८७४ साली अंजुमन-ए-इस्लामच्या स्थापनेत तेच अग्रभागी होते. अशा पूर्वजांच्या समाजात वकिलीची ही उपेक्षा का व्हावी?

एक कारण शिक्षणपद्धतीतच होते. पदवीनंतर नोकरी सांभाळून सकाळ-संध्याकाळचे वर्ग करायचे, गाईड पाठ करायचे आणि परीक्षा द्यायची, असा पुष्कळ ठिकाणी रिवाज होता. १९६१ च्या अॅडव्होकेट्स अॅक्टने कायद्याच्या शिक्षणाचा दर्जा ठरविण्याचे काम बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे दिले. तिच्याच प्रयत्नाने, कर्नाटकाच्या १९८६ च्या कायद्यान्वये, बंगळूरला नॅशनल लॉ स्कूल ऑफ इंडिया युनिव्हर्सिटी उभी राहिली. १९८८ साली तेथे पहिली तुकडी बसली. संस्थापक संचालक डॉ. माधव मेनन हे अलीगढ मुस्लिम विद्यापीठाचे पीएच.डी. होते, हे आपण आवर्जून लक्षात ठेवावे.

मेनन यांनी बारावीनंतरचा पाच वर्षांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम घेतला आणि कायद्याच्या जोडीला इतिहास, अर्थशास्त्र व समाजशास्त्र ठेवले. नुसती कलमे सांगण्याऐवजी प्रत्यक्ष निकालपत्रे वर्गात चर्चेला घेतली जाऊ लागली. १८७० च्या सुमारास हार्वर्ड येथे लँगडेल यांनी रुजविलेली ही रीत आहे. न्यायाधीशाने असे का ठरविले, उलट बाजूने काय म्हणता आले असते, याचे उत्तर विद्यार्थ्यानेच द्यायचे. शिवाय विषयागणिक लेखी प्रकल्प, अभिरूप न्यायालय, आणि गरिबांना मोफत सल्ला देणारे केंद्र. कायदा हा समाजसेवेचे साधन आहे, ही शिकवण त्यामागे होती.

या प्रयोगाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अनेक पदवीधर मोठ्या कंपन्यांच्या कामाकडे वळले. फी वाढली, इंग्रजीचा अडसर राहिला आणि गरिबांची मुले बाहेरच राहिली. याच संस्थेचे माजी विद्यार्थी प्रा. शमनाद बशीर यांना ते सलत होते. त्यांनी २०१० साली ‘आयडिया’ ही संस्था काढून वंचित घरांतील मुलांना प्रवेश परीक्षेसाठी तयार करण्याचे काम सुरू केले. २०१९ साली बशीर आणि मेनन दोघेही निवर्तले.

बंगळूरच्या धर्तीवर आता मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथेही विधी विद्यापीठे आहेत. त्यांची ‘क्लॅट’ ही प्रवेश परीक्षा बारावीला देता येते. तिच्यासाठी कलमे पाठ असावी लागत नाहीत. उतारा समजून घेणे, तर्क चालविणे, वर्तमानपत्र वाचणे आणि थोडे गणित एवढे लागते. ही तयारी आठवी-नववीपासून घरी व शाळेत होऊ शकते.

म्हणून विनंती एवढीच, की वाद घालणाऱ्या मुलीला "गप्प बस" म्हणण्यापूर्वी तिचा मुद्दा नीट ऐकून घ्या, आणि तो खरा कशावरून, हे तिला विचारा.