स्मारकाचा पैसा

युद्धस्मारकाला पैसा सरकारी खजिन्यातून येतो, लोकवर्गणीतून येतो, नाहीतर त्यासाठीच पाडलेल्या नाण्याच्या विक्रीतून. पहिल्या दोन वाटांची उदाहरणे पुण्याच्या खराडी उपनगराच्या दोन बाजूंना आहेत. तिसरीसाठी अमेरिकेकडे पाहावे लागते.

खराडीवरून नगर रस्त्याने पुढे गेले की भीमेकाठी पेरणे येथे कोरेगाव भीमाचा जयस्तंभ लागतो. शिरूरहून पुण्याकडे निघालेली कॅप्टन फ्रान्सिस स्टाँटनची तुकडी आणि पेशव्यांची फौज यांच्यात १ जानेवारी १८१८ रोजी दिवसभर लढाई झाली. ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने त्या लढाईचा स्तंभ उभारला. पायाभरणी २६ मार्च १८२१ ची. त्यावरचा मजकूर इंग्रजीत आहे आणि मराठीतही. कोरलेल्या नावांपैकी २२ ‘नाक’ या प्रत्ययाची, म्हणजे महार शिपायांची आहेत. लढलेल्या शिपायांसाठी रौप्यपदक मात्र १८५१ मध्ये निघाले. त्यावर कोरेगावच्या नावाची पट्टी होती. पण लढाईला ३३ वर्षे उलटली होती आणि ते मिळणार होते हयात असलेल्यांना. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १ जानेवारी १९२७ रोजी येथे आले. खर्च कंपनीचा असला, तरी स्तंभाचा आजचा अर्थ त्याच्यापुढे दरवर्षी उभे राहणाऱ्या माणसांनी घडवला आहे.

खराडीहून उलट दिशेला, पुण्याच्या लष्कर भागात घोरपडीजवळ दक्षिण कमांडचे राष्ट्रीय युद्धस्मारक आहे. स्वातंत्र्यानंतर देशासाठी प्राण दिलेल्या जवानांचे हे स्मारक नागरिकांच्या वर्गणीतून उभे राहिले आणि १५ ऑगस्ट १९९८ रोजी त्याचे अनावरण झाले. मिग-२३ विमान आणि ‘आयएनएस त्रिशूल’ या युद्धनौकेची प्रतिकृतीही आवारात आहे. वर्गणी गोळा करणे चिकाटीचे काम. पुणेकरांनी ते केले, याची नोंद पुण्याच्या इतिहासात ठळक हवी.

नाण्याची वाट दिसते सोपी, पण बेभरवशाची. अमेरिकेत गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या दक्षिणेकडील राज्यांच्या सेनानींची शिल्पे स्टोन माउंटन या डोंगरावर कोरायची होती. त्यासाठी १९२५ मध्ये अर्ध्या डॉलरचे नाणे पाडले गेले. टांकसाळीकडून ते दर्शनी किमतीला घ्यायचे, एक डॉलरला विकायचे आणि वरचा अर्धा डॉलर स्मारकाला, असा हिशेब होता. सुमारे २३ लाख नाणी पाडली. त्यांपैकी १० लाख परत येऊन वितळवली गेली. नाण्याचे आणि डोंगरावरच्या शिल्पाचे शिल्पकार गट्झन बोर्ग्लम यांना त्याच वर्षी कामावरून काढण्यात आले. शिल्प पुरे झाले ते १९७२ मध्ये. पुढे कोरियन युद्धाच्या स्मारकासाठी १९९१ मध्ये काढलेल्या चांदीच्या डॉलरवर ७ डॉलर अधिभार होता. ते स्मारक १९९५ मध्ये खुले झाले.

भारतात स्मरणार्थ नाणी १९६४ पासून, पंडित नेहरूंच्या नाण्यापासून निघतात. १९६५ च्या युद्धाला ५० वर्षे झाली तेव्हा, २०१५ मध्ये, अमर जवानाचे चित्र असलेले ५ रुपयांचे नाणे चलनात आले.