एका विशेषणाची सोयरीक

केंद्र सरकारच्या कोणत्याही कचेरीतील फायली चाळल्या तर ‘सिव्हिल’ हे इंग्रजी विशेषण दिवसातून दहा वेळा तरी भेटते. सर्व्हिस, कोर्ट, सर्जन, सप्लाईज, डिफेन्स, एव्हिएशन, लाईन्स अशी त्याची सोयरीक दूरवर पसरलेली आहे. इंग्रजांना ह्या सर्व ठिकाणी एकच शब्द पुरला. आम्हां मराठी भाषकांना मात्र तो पुरला नाही. कोर्टाला आम्ही ‘दिवाणी’ म्हटले, अधिकाऱ्याला कधी ‘मुलकी’ तर कधी ‘सनदी’, युद्धाला ‘यादवी’, कायदेभंगाला ‘सविनय’. एखादे टिपण मराठीत करून देण्याची पाळी आली की ही विविधता आम्हांस अडचणीची वाटते. परंतु इतिहासाच्या दृष्टीने पाहता ती फार मोलाची आहे. ह्यांपैकी प्रत्येक शब्दावर तो कोणत्या प्रसंगी आमच्या भाषेत आला त्याची खूण उमटलेली आहे.

मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘नागरिकासंबंधीचा’ एवढाच. इंग्रजीत येता येता त्याला निरनिराळे अर्थ चिकटले. जे लष्करी नाही ते सिव्हिल, जे गुन्ह्याचे नाही ते सिव्हिल, जे धर्मसंस्थेचे नाही ते सिव्हिल, आणि ज्याच्या बोलण्याचालण्यात सौजन्य आहे तोही सिव्हिल. कोणता अर्थ घ्यावयाचा हे पुढील नामावरून ठरवावे लागते.

सर्वांत जुनी आणि भक्कम जोडी ‘दिवाणी’ची. बक्सारच्या लढाईनंतर, १२ ऑगस्ट १७६५ रोजी, बादशहा शाह आलम ह्याने बंगाल, बिहार व ओरिसा ह्या प्रांतांची दिवाणी ईस्ट इंडिया कंपनीस दिली. मोबदल्यात कंपनीने बादशहास सालीना २६ लाख रुपये द्यावयाचे होते. मोगली व्यवस्थेत दिवाणाकडे वसूल आणि मालमत्तेचे तंटे असत. फौज आणि गुन्ह्यांचा न्याय हे निजामतीचे काम. वॉरन हेस्टिंग्जने १७७२ साली जिल्ह्याजिल्ह्यांतून अदालती उभारल्या तेव्हा त्याने हीच विभागणी उचलली. वारसा, कर्ज, करार, विवाह हे तंटे दिवाणी अदालतीत, आणि चोरी-खून फौजदारी अदालतीत. म्हणजे ‘सिव्हिल कोर्टा’चे भाषांतर म्हणून ‘दिवाणी’ हा शब्द कुणी पंडिताने बसून घडवलेला नाही. येथे नाव आधी होते, इंग्रजी न्यायालय मागून त्या नावाखाली येऊन बसले. आमच्या जुन्या मराठी कागदांत ‘दिवाण’ म्हणजे सरकारच. पेशवाईतले वतनाचे तंटे गोतसभेपुढे वा पंचायतीपुढे जात आणि ‘दिवाणी दावा’ असा वेगळा खण त्या काळी कुणी आखलेला नव्हता. तो आखला इंग्रजांनी, पण शब्द घेतला फारसी. त्यामुळे शेताच्या बांधावरून भांडणारा कुणबी आजही अठराव्या शतकातील मोगली खात्याचे नाव घेत कोर्टाची पायरी चढतो.

सेवेची कथा निराळी आहे. कंपनीचे नोकर आरंभी व्यापारीच होते. ‘रायटर’ म्हणजे कारकून ही त्यांतली सर्वांत खालची पायरी, हे आमच्या वर्गाने अभिमानाने लक्षात ठेवावे असे आहे. पुढे कंपनीने फौज बाळगली, आणि फौजेतल्या नोकरांपासून बाकीच्यांना वेगळे दाखवण्यासाठी ‘सिव्हिल’ हे विशेषण कामाला आले. म्हणजे ह्या जोडीत विशेषणाचा अर्थ केवळ नकारात्मक होता. जे शिपाई नाहीत ते सिव्हिल! हे नोकर कंपनीशी करारपत्र करून येत, म्हणून मराठीत ते ‘सनदी’ झाले. आम्ही त्या विशेषणाचे भाषांतर केलेच नाही. त्यांच्या हातातला कागद पाहिला आणि त्यावरून नाव ठेवले. १८५५ पासून सनदी नोकरीसाठी लंडनमध्ये खुली स्पर्धापरीक्षा सुरू झाली. १८६३ साली ती उत्तीर्ण होणारे पहिले भारतीय सत्येंद्रनाथ टागोर मुंबई इलाख्यात नेमले गेले. खुद्द इंग्लंडातील सरकारी नोकरीच्या सुधारणेचा १८५४ चा प्रसिद्ध अहवाल लिहिणाऱ्या दोघांपैकी ट्रेव्हेल्यन हे कंपनीच्या नोकरीत हिंदुस्थानात बरीच वर्षे काढून गेलेले होते. ‘सिव्हिल सर्व्हिस’ ही शब्दजोडीही कंपनीच्याच व्यवहारात रुळली आणि मागाहून विलायतेच्या कारभारात स्थिरावली.

‘लष्करी नव्हे’ ह्याच अर्थाने मराठीत ‘मुलकी’ हा शब्दही रुळला. गंमत अशी की निजामाच्या राज्यात मुलकी म्हणजे त्या मुलखातला रहिवासी. १९१९ च्या फर्मानाने तेथील नोकऱ्या अशा मुलकींसाठी राखल्या गेल्या. औरंगाबादचा मुलकी आणि पुण्याचा मुलकी हे एकमेकांना ओळखणारही नाहीत. ‘सिव्हिल लाईन्स’चे भाषांतर तर कुणी केलेच नाही. अलाहाबाद, दिल्ली, नागपूर येथे बदलीवर गेलेल्यांना ह्या वस्त्यांचे रुंद रस्ते परिचित आहेत. पण ‘लाईन’ म्हणजे शिपायांच्या बराकींची रांग, आणि तिलाच ‘सिव्हिल’ जोडलेले आहे हे सहसा ध्यानात येत नाही.

‘यादवी’ हा शब्द आम्हांस सर्वांत भावतो. एकाच राज्याचे नागरिक आपसांत लढतात ते ‘सिव्हिल वॉर’. त्यासाठी मराठीने महाभारतातील मौसलपर्व आठवले आणि भाषांतराऐवजी द्वारकेच्या यादवांचा अंतच समोर उभा केला. अलीकडे वृत्तपत्रांत ‘नागरी युद्ध’ असे छापलेले दिसते. ते वाचून नगरपालिकेच्या निवडणुकीचा भास होतो!

ह्या ‘नागरी’ शब्दाविषयी थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. दुसऱ्या महायुद्धात धान्यवाटप सरकारकडे आले आणि ‘सिव्हिल सप्लाईज’ हे नाव सर्वतोमुखी झाले. त्याचे आम्ही ‘नागरी पुरवठा’ केले. नागरी म्हणजे नागरिकांचा, तसेच नागरी म्हणजे शहरी. जनगणनेतील ‘नागरी लोकसंख्या’ ही दुसऱ्या अर्थाची. खेड्यातल्या माणसाला रेशन मिळते ते ‘नागरी’ पुरवठ्याचे. कायद्यात तर अधिकच चमत्कार झाला. १९०८ च्या प्रक्रिया संहितेतील ‘सिव्हिल’ दिवाणी राहिले, आणि संविधानाच्या ४४ व्या अनुच्छेदातील ‘सिव्हिल’ मात्र नागरी झाले. दोन्हींचा मूळ अर्थ एकच, गुन्ह्यांहून वेगळा कायदा. वारसा आणि विवाह ह्यांसंबंधीचा हा वाद वर्षानुवर्षे चालला, पण आपण हेस्टिंग्जच्या दिवाणी खणाविषयीच बोलत आहोत, ही जाणीव शब्द बदलल्यामुळे मराठी वाचकाला उरली नाही. राजभाषा हिंदीने सेवेला ‘सिविल’, विमानांना ‘नागर’ आणि संरक्षणाला ‘नागरिक’ अशा तीन वाटा काढल्या. त्या पाहून आम्ही एके काळी हसत असू. आता तेच अधिक शहाणपणाचे वाटते.

आता ‘सविनय’. थोरोचा निबंध १८४९ साली छापला गेला तेव्हा त्याच्या मथळ्यात ‘सिव्हिल’ हे सरकारचे विशेषण होते. १८६६ च्या आवृत्तीत, लेखकाच्या मृत्यूनंतर, ते अवज्ञेचे झाले. गांधीजींनी त्यात सौजन्याचा अर्थ भरला, आणि ‘सविनय’ ह्या शब्दाने तोच अर्थ उचलला. सरकारी कागदांत मात्र हा कायदेभंग शासनाविरुद्धचाच राहिला. १८ मार्च १९२२ रोजी अहमदाबादच्या सर्किट हाऊसमध्ये हे अर्थ समोरासमोर आले. आरोपी कायदेभंगाचा प्रणेता. न्यायासनावर सिव्हिल सर्व्हिसचे ब्रूमफील्ड. आरोप ‘यंग इंडिया’तील लेखांबद्दल राजद्रोहाचा. गांधीजींनी गुन्हा कबूल करून जबर शिक्षा मागितली. न्यायाधीशांनी १९०८ च्या लोकमान्यांच्या खटल्याचा दाखला देऊन तितकीच, सहा वर्षांची, शिक्षा दिली. टिळकांच्या पंक्तीला बसवल्याबद्दल गांधीजींनी त्यांचे आभार मानले आणि ह्याहून अधिक सौजन्याची अपेक्षाच करता आली नसती असे सांगितले. त्या दिवशी त्या दालनात ‘सिव्हिल’ ह्या शब्दाचा सौजन्याचा अर्थ दोन्ही बाजूंनी पाळला गेला. शिक्षा मात्र सहा वर्षांचीच राहिली.

त्या शिक्षेतच गांधीजींना येरवड्याहून ससून रुग्णालयात आणावे लागले, आणि १२ जानेवारी १९२४ रोजी कर्नल मॅडॉक ह्यांनी त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली. रुग्णालयात कर्नल कोठून आला, असे नव्या वाचकास वाटेल. इंडियन मेडिकल सर्व्हिस ही मूळ लष्करी सेवा. तिच्यातील डॉक्टर मुलकी कामासाठी उसने दिले जात, आणि जिल्ह्याच्या गावी अशा डॉक्टरास ‘सिव्हिल सर्जन’ म्हणत. आता त्या पदाचे नाव ‘जिल्हा शल्यचिकित्सक’ आहे आणि रुग्णालयाच्या पाटीवर ‘जिल्हा सामान्य रुग्णालय’ असे लिहिलेले असते. पण सातारा-सोलापूरकडे रात्री-अपरात्री आजाऱ्याला गाडीत घालताना कुणी ती पाटी आठवत नाही. ‘सिव्हिलला न्या’ एवढेच म्हणतात, आणि गाडीवाल्याला ते पुरते.