अनेक चलांतील बहुपदींचे अवयव

दोन किंवा अधिक चले असलेली बहुपदी तिच्याहून कमी कोटीच्या बहुपदींच्या गुणाकाराच्या रूपात मांडणे, यास बीजगणितात तिचे अवयव पाडणे असे म्हणतात. उदाहरणार्थ, अ² − ब² = (अ + ब)(अ − ब). या लेखात अ, ब, क ही चले असून शेजारी लिहिलेली अक्षरे गुणाकार दर्शवितात.

पद्धती

प्रथम सर्व पदांतील सामाईक अवयव बाहेर काढतात. त्यानंतर एक चल मुख्य मानून इतर चले सहगुणकांत ठेवतात. अ² + ३अब + २ब² + अ + ब ही बहुपदी अ च्या घातांनुसार अ² + (३ब + १)अ + ब(२ब + १) अशी होते. ब आणि २ब + १ यांची बेरीज ३ब + १ असल्याने तिचे अवयव (अ + ब)(अ + २ब + १) हे होत.

अवयव सिद्धांतही येथे उपयोगी पडतो. अ³ + ब³ + क³ − ३अबक यात अ = −(ब + क) घेतल्यास किंमत शून्य येते; म्हणून अ + ब + क हा एक अवयव आहे. भागाकाराने दुसरा अवयव अ² + ब² + क² − अब − बक − कअ मिळतो.

भास्कराचार्यांचे भावित

भास्कराचार्यांनी (जन्म शके १०३६, इ.स. १११४) आपल्या 'बीजगणित' ग्रंथात अज्ञात राशींच्या गुणाकारास 'भावित' म्हटले असून त्यावर स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. त्यातील एक उदाहरण आजच्या चिन्हांत अब = ४अ + ३ब + २ असे मांडता येते. दोन्ही बाजूंत १२ मिळवून पदे एकत्र केल्यास (अ − ३)(ब − ४) = १४ हे रूप येते. १४ चे अवयव १ व १४ किंवा २ व ७ एवढेच असल्याने धन पूर्णांकांत (४, १८), (५, ११), (१०, ६) आणि (१७, ५) या चारच जोड्या उत्तरे ठरतात. बेरजेच्या रूपात ज्या शोधाला अंत दिसत नाही, तो गुणाकाराच्या रूपात चार उत्तरांत संपतो. भास्कराचार्यांनी या रीतीची उपपत्ती आयताच्या क्षेत्रफळावरूनही दिली आहे.

मर्यादा

अवयव पडतात की नाही, हे सहगुणक कोणत्या संख्यांतून घ्यायचे यावर अवलंबून असते. अ² + ब² चे वास्तव सहगुणकांत अवयव पडत नाहीत, संमिश्र सहगुणकांत पडतात. अब + १ चे मात्र दोहोंतही पडत नाहीत. एका चलातील प्रत्येक बहुपदीचे संमिश्र सहगुणकांत एकघाती अवयव पडतात. अनेक चलांच्या बाबतीत तशी हमी नसते.